न सलणाऱ्या फटी

लग्नाच्या जेवणानंतरचा एक विधी पत्रिकेत कधी छापलेला नसतो. हात धुऊन झाले, बडीशेपेच्या ताटलीतली खडीसाखर निवडून झाली, की माणसं टूथपिकच्या बाटलीकडे वळतात. डावा हात तोंडावर आडवा, उजवा आत गुंतलेला, आणि चेहरा मात्र समोरच्याचं बोलणं अगदी मन लावून ऐकत असल्यासारखा. टूथपिक संपल्या असतील तर काडेपेटीतली काडी, पदराची पिन, आहेराच्या पाकिटाचा कोपरा, नाहीतर करंगळीचं नख. जुन्या हौशी मंडळींकडे चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं एकाच कडीत अडकवलेलं असायचं. (दोन्ही एकाच कडीत का, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नसावा.)

आपल्या जेवणात अडकायचा मालही भरपूर. शेवग्याची शेंग, रायवळ आंब्याच्या कोयीचे धागे, उसाचं कांडं, कोवळं नसलेलं कणीस, पेरूची बी, मटण, सुपारीचं खांड. जिभेला ती जागा ताबडतोब सापडते आणि एकदा सापडली की माणूस दुसऱ्या कामाचा राहत नाही. मीटिंग चालू असो की कीर्तन, जीभ तिथेच ढुशा देत राहते. शेवटी तो धागा निघतो तेव्हा जो सुटकेचा श्वास पडतो, त्याला तोड नाही.

म्हणजे दात कोरण्याला आपल्याकडे कधीच विरोध नव्हता. प्रश्न एवढाच की आपण जे सलतं तेच काढतो. फ्लॉस, तो दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा, नेमका त्या वेळी वापरायचा असतो जेव्हा काहीही सलत नसतं, काही अडकलेलं नसतं, आणि दिवसभराच्या दमणुकीनंतर अंथरूण समोर दिसत असतं. काही होत नसताना काही करणं आपल्या अंगवळणी पडत नाही. मला वाटतं, फ्लॉस आपल्याकडे रुजत नाही त्याचं कारण आळसापेक्षा हे जास्त आहे.

माझी आत्या इचलकरंजीची. पंचाहत्तरी ओलांडलेली. सारा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे बोलते मोठ्यानं आणि सूत ओळखते बोटांनी. मध्यंतरी दाढांची दुखणी घेऊन पुण्याला आमच्याकडे राहायला आली होती. रात्री बेसिनसमोर माझा कार्यक्रम चाललेला तिनं पाहिला. डबीतून लोंबणारा दोरा ओढून अंगठ्याखाली चोळला आणि निकाल दिला, "नायलॉन हाय." मग माझ्या बोटांभोवतीचा दोरा डोळ्यांनीच मोजला. "अगं, एवढ्या दोऱ्यात दोन बटणं लागत्यात की! आणि तू दातात फिरवून टाकून देतीस?"

"आत्या, तो परत वापरायचा नसतो."

"दात कोरून पोट भरत नाही म्हणत्यात, ते तुला बघून कळलं."

हिशेबात ती चुकत नव्हती. दंतवैद्य साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे अठरा इंच दोरा घ्यायला सांगतात. जुन्या मापात हा बरोबर एक हात. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत दातवण बारा अंगुळं लांब आणि करंगळीच्या टोकाएवढं जाड असावं असं सांगितलंय. बारा अंगुळं म्हणजे एक वीत, आणि दोन वितींचा एक हात. दातवणाच्या बरोबर दुप्पट फ्लॉस. यातून काहीही सिद्ध होत नाही, निव्वळ योगायोग आहे, पण मला तो भारी आवडतो. इतका लांब दोरा लागतो कारण प्रत्येक फटीला स्वच्छ तुकडा हवा. नाहीतर एका फटीतली घाण दुसरीत नेऊन ठेवण्याचाच उद्योग. ५० मीटरची डबी घेतली तर या मापानं साडेतीन महिने सहज जाते. बटणांच्या दोऱ्याशी तुलना केली तर महाग, रूट कॅनाल आणि कॅपच्या बिलाशी केली तर फुकट.

आता काहीच अडकलेलं नसताना काढायचं तरी काय? माझ्या माहितीतली या प्रश्नाची सगळ्यात जुनी साक्ष हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावची आहे. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा तिथला कापडव्यापारी. कापडातले धागे भिंगाखाली पाहणाऱ्या धंद्यातून आलेला हा माणूस स्वतःच भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवू लागला. १६८३ च्या सप्टेंबरात त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला एक पत्र लिहिलं. त्यात तो आधी स्वतःच्या दातांची बढाई मारतो: रोज सकाळी मिठानं दात घासतो, दाढा काडीनं कोरतो, फडक्यानं पुसतो, त्यामुळे माझ्या वयाच्या फार थोड्यांचे दात इतके स्वच्छ आणि पांढरे असतील. आणि तरीही, तो लिहितो, काही दाढांच्या आणि दातांच्या मध्ये पांढरं, कालवलेल्या पिठासारखं काहीतरी साचतंच. ते त्यानं पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरलं. आत चिमुकले जीव वळवळत होते. माझ्या तोंडात आज जेवढे जीव आहेत तेवढी माणसं आमच्या अख्ख्या देशात नाहीत, असा त्याचा अंदाज.

मला त्या पत्रातला शोधापेक्षा तो 'तरीही' मोलाचा वाटतो. मीठ, काडी, फडकं, सगळं नेमानं करणारा माणूस, आणि फटीत तरीही पीठ. त्याला ते टोचत नव्हतं, दुखत नव्हतं. तो मुद्दाम पाहायला गेला म्हणून दिसलं.

त्या पिठाला दंतवैद्य प्लाक म्हणतात. अन्नाचे कण ते वेगळे, ते बरेचसे चूळ भरली की जातात. प्लाक म्हणजे एकमेकांना आणि दाताला चिकटून वस्ती करणाऱ्या जीवाणूंचा थर. तो चुळीनं जात नाही, घासूनच काढावा लागतो. आपण खाल्लेल्या साखरेवर ते जीवाणू आम्ल तयार करतात, त्यानं दात किडतो. हिरडीच्या कडेला थर साचून राहिला तर हिरडी सुजते. तसाच राहू दिला तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच त्याचा दगड होऊ लागतो, आणि मग ब्रश काय नि दोरा काय, दोन्ही हरले. तो डॉक्टरनंच काढायचा. (दात साफ करून घेतले की ढिले होतात, फटी पडतात, असं छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक कुटुंबात एक असतातच. फट आधीचीच असते. तिच्यात बसलेला दगड निघाला म्हणून ती दिसायला लागते.)

प्रत्येक दाताला पाच बाजू. ओठाकडची, जिभेकडची, चावायची, आणि दोन्ही शेजाऱ्यांना टेकलेल्या दोन. जाहिरातीतला ब्रश पहिल्या तिन्हींवर रुबाबात फिरतो. शेजारच्या दोन बाजूंना त्याचे केस पोचत नाहीत, कितीही जोर लावा. आणि नेमकी तिथेच हिरडी सगळ्यात नाजूक असते. बाहेरून आपल्याला दोन दातांमध्ये हिरडीचा नेटका त्रिकोण दिसतो. आत मात्र दोन टोकं असतात, एक ओठाकडे नि एक जिभेकडे, आणि दाढांच्या मध्ये त्या दोन टोकांमध्ये एक खोलगट खिंड. खिंडीतली कातडी बाहेरच्या हिरडीसारखी टणक नसते. म्हणजे जिथे घाण सर्वांत निवांत साचते तिथलंच कुंपण सर्वांत कच्चं.

याचा प्रयोग चांगल्या धडधाकट माणसांवर करून झालेला आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथं हाराल्ड लोए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बाराजणांना दात साफ करणं पूर्ण थांबवायला लावलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. (शिकणाऱ्यांनाच गिनिपिग करायची रीत जुनीच.) दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा सफाई सुरू केली, आणि आठवडाभरात हिरड्या जवळपास पूर्ववत. जीवाणूंचा थर आणि हिरडीची सूज यांतलं कार्यकारण इतकं स्वच्छ दाखवणारा प्रयोग त्याआधी झाला नव्हता. मला त्यातली दुसरी बाजू जास्त धीर देते: सुरुवातीची सूज पूर्ण मागे जाते. हाड झिजायला लागलं की मात्र ते आपलं आपण भरून येत नाही.

आत्याच्या हिरड्या त्या दुसऱ्या टप्प्यातल्या. तिच्या तरुणपणी घरोघरच्या बायका तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करायच्या. दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची आणि मग सकाळी, दुपारी, चहानंतर, जेवणानंतर, असा तिचा फेरा सुरू व्हायचा. तोंडाला तंबाखू लागलीय असं कुणी म्हणत नसे, दात घासतेय म्हणत. आत्यानं ती कधीच सोडली, पण हिरड्या मागे सरकल्या त्या सरकल्याच. त्यात शुगर. डॉक्टरांनी तपासण्याआधी पहिला प्रश्न शुगरचाच विचारला तेव्हा आत्या माझ्याकडे बघून कुजबुजली, "ह्यो दाताचाच डॉक्टर हाय न्हवं?" तर हो, आणि प्रश्न बरोबर होता. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोन्हीकडून वाट आहे.

फ्लॉस कसा करायचा हे सांगणारी चित्रं डबीवर असतात, पण ती इतकी बारीक छापलेली असतात की आत्याच्या वयाच्या माणसानं भिंगच घ्यावं. दोऱ्याचा बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळायचा, थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. वापरलेला दोरा दुसऱ्या बोटावर चढत जातो, पहिल्यावरून नवा सुटत जातो. अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये इंच-दीड इंच ताणलेला तुकडा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढे दोन दात जिथे घट्ट टेकतात तिथून दोरा खाली न्यायचा, आणि बहुतेकांचं गाडं इथे अडतं. जोरात दाबला तर तो 'कट्' करून थेट हिरडीत घुसतो, रक्त येतं आणि फ्लॉसचा आणि माणसाचा संबंध कायमचा संपतो. हलक्या हातानं, पुढेमागे सरकवत उतरवायचा.

खरं काम त्यानंतर आहे आणि तेच कुणी करत नाही. आत उतरलेला दोरा सरळ ताणून आडवा करवतला तर हिरडी कापली जाते आणि दात तसाच राहतो. दोन्ही बोटं एकाच दिशेला ओढून दोरा एका दाताला बिलगवायचा, लहान मूल कडेवर बसलं की पायांनी कंबर कवळतं तसा. मग दाताच्या अंगानं वर-खाली घासायचं, हिरडीच्या काठाखाली किंचित, अडेल तिथपर्यंत. झालं की त्याच फटीत दुसऱ्या दाताला बिलगवायचा. एका फटीत दोन भिंती असतात हे लक्षात ठेवायचं, बस. शेवटच्या दाढेमागे शेजारी कुणी नसतं, तरी तिलाही मागची बाजू असतेच.

सुरुवातीला रक्त येतं. आपल्याकडे रक्त आलं की तिथे हात लावायचा नाही हा घरचा कायदा, त्यामुळे नेमकी सुजलेली जागा घाणीच्या हवाली केली जाते. हिरडी सुजलेली असते म्हणूनच रक्त देते. रोज हलक्या हातानं साफ होत गेलं तर आठवडा-दोन आठवड्यांत ते थांबतं, आणि नाही थांबलं तर डॉक्टरकडे जायचं. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रक्त कमी येतं, कारण तंबाखूनं तिथला रक्तपुरवठाच आटतो. आजार आत असतो आणि खूण मात्र पुसलेली.

या दोऱ्याचा उगम अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराशी दोनदा जोडला जातो. लीव्हाय स्पीअर पार्म्ली हा तिथला दंतवैद्य १८१५ च्या सुमारास रुग्णांना मेण लावलेला रेशमी धागा फटींतून फिरवायला सांगायचा, आणि १८१९ च्या पुस्तकात त्यानं तसं छापूनही ठेवलं. ब्रश आणि दंतमंजन आहे, तरी हा धागा सगळ्यांत महत्त्वाचा, असं त्याचं म्हणणं. १८८२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीनं रेशमाचा फ्लॉस विकायला काढला. मग दुसरं महायुद्ध आलं, रेशीम दुर्मीळ झालं, आणि त्या काळात चार्ल्स बास या माणसानं नायलॉनची बाजू उचलून धरली. तोही न्यू ऑर्लिन्सचाच. मूळचा हिवतापाच्या परजीवींवर काम करणारा डॉक्टर, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता म्हणून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर सूक्ष्मदर्शक घेऊन दातांमागे लागला. फ्लॉसचा धागा कसा असावा यावर त्यानं १९४८ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. ब्रश हिरडीशी तिरका धरून घासायची जी पद्धत आज डॉक्टर जबड्याचा साचा हातात घेऊन दाखवतात, ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. नायलॉन रेशमासारखा पिंजत नाही, पटकन तुटत नाही. किती मजबूत, तर १९९४ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगातून एक कैदी फ्लॉसचा दोर वळून भिंत चढून पळाला होता. हे मी आत्याला सांगितलं. तिला इतिहासात रस नव्हता, "किती पदरी वळला असंल?" एवढंच तिनं विचारलं.

इथे एक अवघड प्रकरण आहे आणि ते टाळून फ्लॉसचे गोडवे गाणं मला बरोबर वाटत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं बातमी दिली की अमेरिकी सरकारनं आपल्या मार्गदर्शिकेतून फ्लॉसचा सल्ला गुपचूप काढून टाकलाय, आणि फ्लॉसच्या बाजूचा पुरावा तपासला तर तो फारच लेचापेचा निघतो. झालं, जगभरच्या आळशांना सुट्टी मिळाली. एकेका उपचारावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानंही शब्द जपूनच वापरले: ब्रशच्या जोडीला फ्लॉस केल्यानं हिरड्यांची सूज कमी होत असावी, पण पुराव्याची खात्री कमी. फटींतली कीड टळते का, हे ठरवण्याइतकी माहितीच त्या चाचण्यांत नव्हती.

मला या वादातली सगळ्यात बोलकी गोष्ट २००६ मधल्या एका आढाव्यात सापडली. शाळेच्या दिवशी रोज, साधारण पावणेदोन वर्षं, प्रशिक्षित माणसांनी मुलांचे दात फ्लॉस करून दिले तेव्हा फटींतली कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. तीच प्रशिक्षित माणसं तीन महिन्यांतून एकदा येऊन करत होती तिथे काहीच फरक नाही. आणि किशोरवयीन मुलांनी स्वतःचं स्वतः केलं तिथेही नाही. दोरा तोच. म्हणजे तो चालतो, पण नीट आणि रोज. चाचण्यांत मोजला जातो तो आपल्यासारख्यांचा हात, अर्धवट झोपेतला, दाढेपर्यंत न पोचणारा, करवतणारा. दंतवैद्यांनी इतकी वर्षं 'फ्लॉस करा' एवढंच ठासून सांगितलं आणि कसा ते पाच मिनिटं शेजारी उभं राहून दाखवलं नाही, हा त्या धंद्याचा दोष आहेच. माझ्या मते बातमीचा मथळा 'फ्लॉस निरुपयोगी' असा नको होता, 'फ्लॉस बहुतेकांना येत नाही' असा हवा होता. अर्थात तो कुणी वाचला नसता.

ब्रशच्या आधी की नंतर, यावरही घराघरांत पक्ष आहेत. आमच्याकडे नवरा नंतरवाला, मी आधीवाली. आधी फटी मोकळ्या केल्या की पेस्टमधलं फ्लोराइड तिथपर्यंत पोचायला वाव मिळतो, असा माझा युक्तिवाद, आणि एका छोट्या अभ्यासाचा कौलही माझ्या बाजूनं आहे. त्यावरून मी भांडत मात्र नाही. करतोय हेच खूप.

आत्याला मी हे सगळं शिकवायला बसले होते. तिची बोटं माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. दोऱ्याला पीळ न पाडता तो बोटावर कसा चढवायचा हे उलट तिनंच मला दाखवलं. पण डॉक्टरांनी तिचं तोंड पाहून फ्लॉस नकोच म्हणून सांगितलं. हिरडी मागे सरकून दातांची मुळं उघडी पडली की फटी रुंद होतात, मुळांच्या अंगाला खोलगट पन्हाळी असतात. ताणलेला दोरा पन्हाळीवरून पूल टाकून जातो, आत शिरतच नाही. तिथे तारेला केस लावलेला तो बारका ब्रश हवा, फटीच्या मापाचा, आत जाताना जरासा अडणारा. कॉक्रेनच्या त्या आढाव्यातही फ्लॉसपेक्षा त्याचीच बाजू थोडी वरचढ दिसते. आत्याला दोन मापं लिहून दिली, पुढच्या दातांना वेगळं, दाढांना वेगळं. एक ब्रश घालून दाखवला. तिनं तो बाहेर काढला, उजेडात धरून त्यावर काय आलंय ते बघितलं, आणि त्या दिवसापासून तिला कुणी आठवण करून द्यावी लागली नाही. धुऊन परत वापरता येतो, केस झडले की मगच टाकायचा, हे कळल्यावर तर तिनं मला विजयी नजरेनं पाहिलं.

आता तिची तक्रार वेगळीच आहे. परवा फोनवर सांगत होती, तिच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे ती दाताच्या फटीतला ब्रश मागायला गेली, तर त्यानं आधी लहान मुलांचा टूथब्रश काढला, मग बाळाची बाटली धुवायचा ब्रश. मग आत्यानं पदराच्या टोकात बांधलेला स्वतःचा झडलेला ब्रश काढला, गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "असला. आणि दोन मापांत मागीव, गल्लीतल्या चारचौघींना लागणार हाईत."